विकण्याआधीं खावा असा पाला

गेल्या कांहीं वर्षांत मुंबई-पुण्याच्या बाजारांत एक नवा पाला दिसूं लागला आहे. इंग्रज त्यास रॉकेट म्हणतात, अमेरिकन अरुगुला म्हणतात, इटालियन लोक रुकोला म्हणतात. पान लांबट, कडा कातरलेल्या, पाहतांच मुळ्याच्या कोंवळ्या पानाची आठवण व्हावी असें. चव मात्र मोहरीसारखी आणि मिऱ्यासारखी तिखट, व त्या तिखटाच्या मागें किंचित् खमंगपणा. मूठभर पानें प्लॅस्टिकच्या लहानशा डबींत घालून ती डबी मोठ्या दुकानांतील थंड कपाटांत मांडलेली असते, आणि तिच्यावरील किंमत वाचून मेथीच्या जुडीची संवय असलेला मनुष्य मुकाट्यानें पुढें सरकतो. शहरालगतच्या आमच्या कित्येक बागाईतदार बंधूंस ह्या किंमतीची भुरळ पडूं लागली आहे. 'अर्धा एकर लावूं काय?' अशी पृच्छा आम्हांकडे वारंवार होते.

ह्या पृच्छेस आमचें उत्तर थोडें आडवळणाचें आहे. लावावें कीं न लावावें हें ठरविण्यापूर्वीं हा पाला गिऱ्हाईक पारखून कसा घेतें, घरीं कसा ठेवतें आणि कसा खातें, हें शेतकऱ्यानें स्वतः जाणून घेतलें पाहिजे. पृच्छा करणारांपैकीं बहुतेकांनीं त्याचें एक पानहि तोंडांत घातलेलें नसतें. मेथी, शेपू, अंबाडी, चाकवत हीं पिकें आपण डोळे मिटून पिकवितों, कारण जुडी शिळी झाली कीं ताजी, कडू झाली कीं गोड, हें आपल्या घरांतील बायकामाणसें हात लावतांच सांगतात. ज्या पाल्याविषयीं घरांत असें सांगणारें कोणी नाहीं, त्याचा माल बाजारांत नेणारा शेतकरी अडत्याच्या शब्दावर जगतो. अडत्या 'माल हलका आहे' म्हणाला कीं त्यानें मान हलवावयाची, एवढेंच त्याच्या हातीं उरतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा पाला सर्वस्वीं विलायती आहे अशी समजूत आहे, ती खरी नव्हे. उत्तर हिंदुस्थानांत तारामिरा ह्या नांवानें जें गळिताचें पीक घेतात तेंच हें झाड. राजस्थान, हरियाणा, पंजाब ह्या प्रांतांच्या कोरडवाहू जमिनींत, जेथें मोहरीलाहि ओल पुरत नाहीं तेथें, रब्बींत जमिनींतील उरल्यासुरल्या ओलीवर तारामिरा पेरतात. बियांचें तेल काढतात, तें उग्र व झणझणीत असतें; पेंड जनावरांस घालतात; कोंवळा पाला माणसेंहि खातात आणि गुरेंहि. ह्या झाडाच्या शास्त्रीय नांवावरूनच त्यांतील तैलाम्लास इरुसिक आम्ल हें नांव पडलें आहे. तेलासाठीं निवडलेले वाण आणि पानांसाठीं निवडलेले वाण ह्यांत फरक आहे हें खरें. पहिल्यांत बियांकडे पाहिलें गेलें, दुसऱ्यांत पानाची रुंदी, कोंवळेपणा व उशिरा फुलावर येणें ह्यांकडे. परंतु कूळ एकच, आणि तें आपल्या मोहरी, मुळा, कोबी ह्यांचेंच कूळ. जो शेतकरी मुळा पिकवूं शकतो त्यास ह्या पिकांत भिण्यासारखें कांहीं नाहीं.

ह्याच्याशीं घोटाळा होण्यासारखें दुसरें एक झाड आहे, तें बाजारांत 'जंगली रॉकेट' म्हणून विकतात. त्याचें पान अधिक अरुंद व खोल कातरलेलें, चव अधिक झोंबणारी, वाढ सावकाश. तारामिऱ्याचें फूल फिकट पांढरें, त्यावर तपकिरी-जांभळ्या शिरा. जंगली जातीचें फूल पिवळें. ती जात बहुवर्षायु आहे, तारामिरा एका हंगामाचा. बियाणें घेतांना हें विचारून घ्यावें. पाकिटावरील चित्र दोहोंना सारखेंच असूं शकतें.

भूमध्य समुद्राभोंवतालच्या देशांत हा पाला फार जुन्या काळापासून खाण्यांत आहे. रोमन लोक तो कामोद्दीपक मानीत. मिसर देशांत त्यास गरगीर म्हणतात; तेथें तो गरिबाच्या न्याहारीच्या ताटांत भिजवून शिजविलेल्या बाकल्यांबरोबर कच्चाच येतो. आखाती देशांत नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी मंडळींस जर्जीर ह्या नांवाच्या जुड्या ठाऊक असतील. आपल्याकडे कोथिंबीर जशी भाजीच्या पिशवींत सहज येऊन पडते, तशी ती जुडी तिकडे येऊन पडते. तुर्कस्तानांत भाजलेल्या माशाबरोबर ती लिंबू पिळून खातात. म्हणजे जो पाला त्याच्या मूळ मुलखांत जुडीनें विकला जातो, सर्वसामान्याच्या ताटांत असतो, तो आपल्याकडे डबींत बसून श्रीमंताच्या हॉटेलांत आला आहे. आमच्या मतें ह्या पिकाच्या व्यवहारांतील सगळी मेख येथेंच आहे. जोंवर तो डबींतला पाला आहे तोंवर त्याचें गिऱ्हाईक मूठभर राहणार, आणि मूठभर गिऱ्हाइकांवर अर्धा एकर लावणें हें धाडस होय.

हें धाडस कोठें नेतें तें सन २०२० मध्यें दिसून आलें. मार्चच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली, हॉटेलें बंद पडलीं, आणि निव्वळ हॉटेलांसाठीं पिकविलेल्या ह्या जातीच्या पाल्यांस कोणी विचारीना. मेथी-पालकवाल्यांचेहि हाल झालेच, परंतु त्यांची जुडी निदान गल्लींत फिरून विकतां येत होती. रॉकेटची पाटी घेऊन गल्लींत फिरलें तर 'हें काय गवत?' असें विचारणारेंच गिऱ्हाईक भेटावयाचें. तीं पानें कित्येकांनीं शेतांतच नांगरून टाकलीं.

आतां खरेदीकडे वळूं. चांगला पाला कसा ओळखावा, हें विकत घेणारास जितकें ठाऊक असावें त्याहून अधिक विकणारास असावें. पान गर्द हिरवें, ताठ व लवचीक असावें. दांडा मोडला तर कट्कन् मोडावा, वांकून लोंबूं नये. पिवळेपणाची छटा आली असेल तर पान जुनें आहे, अथवा पिकल्या फळांच्या संगतींत राहिलें आहे. काळसर ओले डाग म्हणजे पान चुरगळलें आहे. दोन दिवसांत त्या डागांपासून चिकट घाण सुरू होते व ती शेजारच्या पानांस लागते. डबीच्या आंत पाण्याचे थेंब जमले असतील तर ती घेऊं नये. जुडींत फुलाचा दांडा वर आलेला दिसला तर पाला तिखटाबरोबर कडूहि झालेला असणार. लहान बोटभर पानें सौम्य असतात, हाताएवढीं मोठीं पानें झणझणीत. मोठें पान वाईट नव्हे, तें वेगळ्या कामाचें आहे, इतकेंच. पिसवासारख्या उड्या मारणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांनीं पानांस छिद्रें पाडलेलीं असतात. तीं पाहून शहरी गिऱ्हाईक नाक मुरडतें. आम्हांस तशीं चार छिद्रें पाहून उलट बरें वाटतें. वीस-पंचवीस दिवसांत कापावयाच्या पिकावर औषध फवारून पुढें पाळावयाचे दिवस कसे पाळले जात असतील, हा विचार ज्यानें त्यानें करावा.

तिखटपणा कोठून येतो हें समजलें म्हणजे पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात. पानाच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्यें एका बाजूस असतात, आणि त्यांवर क्रिया करणारें विकर दुसऱ्या बाजूस. पान अखंड असतांना हीं दोन्हीं एकमेकांस भेटत नाहींत. पान दांताखालीं आलें, सुरीनें चिरलें किंवा चुरगळलें, कीं दोहोंची गांठ पडते आणि मोहरीच्या तेलासारखें झोंबणारें द्रव्य तयार होतें. मोहरी फेसतांना जें घडतें तेंच हें. ह्यावरून तीन गोष्टी निघतात. चिरून ठेवलेला पाला आपलें तिखट हवेंत व पाण्यांत घालवून बसतो. शिजविलेल्या पाल्यांतील विकर उष्णतेनें निकामी होतें, म्हणून त्याचा झणका जातो व कडवटपणा तेवढा मागें राहतो. आणि ज्या झाडास ऊन, ताण व वय अधिक झालें त्याची पानें अधिक उग्र होतात; म्हणूनच आपल्या देशावर ह्या पाल्याचा खरा हंगाम हिंवाळा. फाल्गुन उलटला कीं तो फुलावर धांवतो.

सांठवणीचा विषय आम्ही विस्तारानें घेणार आहों, कारण शेतकऱ्याचा पैसा तेथेंच गळतो. कापलेलें पान मेलेलें नसतें; तें श्वास घेत असतें, आपल्या अंगची साखर जाळीत असतें, आणि त्या जळण्याची उष्णता बाहेर टाकीत असतें. उष्णमान दहा अंशांनीं वाढलें म्हणजे हा श्वास दुपटीतिपटीनें वाढतो. शून्य अंशाच्या जवळ, दमट हवेंत हा पाला आठ-दहा दिवस चांगला राहतो. घरच्या फ्रीजमध्यें चार-पांच दिवस. आणि मार्गशीर्षांतल्या दुपारींसुद्धां उघड्या टेंपोंत गच्च भरलेल्या पाटींत तो संध्याकाळपर्यंत टिकला तर नशीब. पाटीच्या मध्यभागीं हात घालून पाहावा, आंतली पानें बाहेरच्यांपेक्षां ऊन लागतात. आमच्या पाहण्यांतील एका शेतकऱ्यानें पहाटे कापलेला उत्तम माल चिकूच्या क्रेटांशेजारीं टेंपोंत भरला. माल उतरतांना पानें पिवळटलेलीं निघालीं आणि घेणारानें तो तसाच परत केला. दोष पिकाचा नव्हता, कापणीचाहि नव्हता. पिकूं लागलेलीं फळें इथिलीन नांवाचा वायु सोडतात आणि हिरव्या पानास तो वायु म्हातारपण आणतो. चिकू, केळीं, आंबे, पपई, टोमॅटो ह्यांच्या संगतींत हा पाला टेंपोंतहि नसावा आणि घरच्या फ्रीजच्या एकाच कप्प्यांतहि नसावा.

कापणी उन्हाआधीं करावी, परंतु पानांवरचें दंव ओसरल्यावर. दंवानें भिजलेला पाला भरला तर तो आंतून कुजतो. कापल्यावर पानें जमिनीवर पसरूं नयेत. मातीचा कण पानावर बसला कीं गिऱ्हाइकास तो दांताखालीं लागतो व पुन्हां तें तो पाला घेत नाहीं. सावलींत, हवा खेळेल अशा रीतीनें, विरळ भरावा. पाटीवर ओलें बारदान घालण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, मात्र बारदान पिळून घालावें, पाणी खालीं ठिबकूं नये. ज्यांस शीतगृह परवडत नाहीं त्यांनीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें १९८० नंतरच्या दशकांत तयार केलेला विजेवांचून चालणारा शीतकक्ष पाहावा. विटांच्या दोन भिंतींमध्यें सुमारें तीन इंचांचें अंतर ठेवून त्यांत वाळू भरावयाची, वाळू व विटा सकाळ-संध्याकाळ भिजवावयाच्या, वर गवताचें किंवा वाळ्याचें झांकण घालावयाचें व सगळ्यावर सावलीचा मांडव करावयाचा. देशावरच्या कोरड्या हवेंत आंतील उष्णमान बाहेरच्यापेक्षां बरेंच उतरतें आणि हवा दमट राहते. कोंकणच्या ओल्या हवेंत ह्याचा उपयोग कमी. खर्च विटा-वाळूचा व दोन दिवसांच्या मजुरीचा. असला कक्ष कोथिंबीर-मेथीसहि उपयोगीं पडतो, म्हणून रॉकेट लावणार नाहीं त्यानेंहि तो बांधण्यास हरकत नाहीं.

घरच्या सांठवणींत मुख्य शत्रु पाणी. पाला आणल्याबरोबर निवडावा, पिवळीं व चुरगळलेलीं पानें काढून टाकावींत. त्याच दिवशीं खावयाचा असेल तर धुवावा, पुढें ठेवावयाचा असेल तर धुतल्यावर सुती फडक्यावर पसरून पुरता कोरडा करावा. मग दुसऱ्या कोरड्या फडक्यांत सैल गुंडाळून झांकणाच्या डब्यांत ठेवावा. पान सुटें ठेवलें तर सुकतें आणि ओलें कोंडलें तर सडतें. फडकें दोहोंपासून वांचवितें, कारण जास्तीचें पाणी तें पितें आणि दमटपणा राखतें. बर्फाच्या कप्प्याच्या लगत डबा ठेवूं नये, पान गोठलें कीं पारदर्शक होऊन गळतें. नुसता मलूल झालेला पाला थंड पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें टाकला तर पुन्हां ताठ होतो. पिवळा किंवा चिकट झालेला कशानेंहि सुधारत नाहीं, तो खताच्या खड्ड्यांत टाकावा. चिरून ठेवूं नये हें वर आलेंच.

कच्चा खावयाचा पाला म्हटला कीं दोन गोष्टींविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. एक पाण्याची. मोठ्या शहरांच्या कडेनें सांडपाण्यावर भाजी पिकविली जाते हें उघड गुपित आहे. शिजवून खावयाच्या भाजींत त्याची थोडीफार क्षमा होते. जी भाजी विस्तव पाहतच नाहीं तिच्यांत क्षमा नाहीं. अशा पाण्यावर हें पीक घेणें आम्ही पाप समजतों, आणि वरून कच्चें शेण टाकणें हेंहि त्याच पंक्तींतलें. विहिरीचें स्वच्छ पाणी व पुरतें कुजलेलें खत ज्याच्यापाशीं आहे त्यानेंच ह्या पिकाचें नांव काढावें.

दुसरी गोष्ट युरियाची. हा पाला जमिनींतील नत्र नायट्रेटच्या रूपानें आपल्या पानांत सांठवितो, आणि त्यांत तो इतर बहुतेक पालेभाज्यांच्या पुढें आहे. युरोपीय संघानें सन २०११ मध्यें रॉकेटकरितां मुद्दाम वेगळी मर्यादा घालून दिली: उन्हाळी मालास किलोंत ६००० मिलिग्रॅम, हिंवाळी मालास ७०००. लेट्यूसपेक्षां ही मर्यादा अधिक आहे, ती ह्या झाडाचा स्वभाव लक्षांत घेऊनच. पान चटकन् गर्द व्हावें म्हणून कापणीच्या तोंडावर युरिया फेंकणारा शेतकरी नेमकें हें द्रव्य वाढवीत असतो; शिवाय अशीं पानें पाणचट होतात व लौकर सडतात, म्हणजे त्याचें नुकसान दुहेरी. सूर्यप्रकाशांत झाड हें नायट्रेट वापरून टाकतें, म्हणून सांजच्या कापणींत तें पहाटेपेक्षां थोडें कमी असतें. पहाटेची कापणी टिकाऊपणास चांगली आणि सांजेची ह्या दृष्टीनें चांगली, असा हा पेंच आहे. आमचें मत असें कीं कापणी सकाळचीच ठेवावी आणि खताचा हात आवरावा.

आतां खाण्याविषयीं. येथें आमच्या कित्येक वाचकांस हंसूं येईल, कारण शेतकीच्या मासिकांत पाकक्रिया कशास, असा प्रश्न येतो. परंतु आमचा सगळा आग्रहच हा आहे. ह्या पाल्याच्या डबीवर ज्या पाकक्रिया छापलेल्या असतात त्या ऑलिव्हचें तेल, इटालियन चीज व भट्टींतून काढलेला पिझ्झा ह्यांच्या असतात. त्या वाचून आपल्या बायकामंडळींचा समज होतो कीं हा पाला आपल्या चुलीचा नव्हे. वास्तविक आपल्या खानदेशांत, मराठवाड्यांत व वऱ्हाडांत कच्चा पाला खाण्याची रीत इतकी जुनी व चांगली आहे कीं तीस परदेशी धड्याची गरज नाहीं. घोळाणा ज्यानें खाल्ला आहे त्यास रॉकेट शिकवावें लागत नाहीं. कोंवळ्या मेथीचा, कांद्याच्या पातीचा, हरभऱ्याच्या शेंड्यांचा घोळाणा करतात, तसाच ह्याचा करावा. पानें धुऊन कोरडीं करून हातानेंच दोन-तीन तुकडे करावे, सुरी लावूं नये. बारीक चिरलेला कांदा, जाडसर शेंगदाण्याचें कूट, मीठ, चमचाभर कच्चें तेल (करडईचें मिळालें तर उत्तम), लिंबाचा रस आणि गुळाचा एक लहानसा खडा किसून घालावा. लाल तिखट घालूं नये, तिखट पानांतच आहे. ताट वाढल्यावरच कालवावें, कारण मीठ लागतांच पान पाणी सोडतें आणि अर्ध्या घटकेंत त्याचा चोथा होतो. ज्वारीची ऊन भाकरी व हा घोळाणा, ह्यांत भाकरीचा गोडवा आणि पाल्याचा झणका असे जुळतात कीं दुसऱ्या कालवणाची आठवण येऊं नये.

कूट व गूळ ह्यांचें कामहि समजून घ्यावें. स्निग्ध पदार्थ जिभेवर तिखटाची धार बोथट करतो, गोड पदार्थ कडवटपणा झांकतो, आंबट दोहोंना वर उचलतो. इटालियन माणूस जें काम तेल, चीज व लिंबानें करतो तेंच आपण शेंगदाणा, गूळ व लिंबानें करतों. दह्यांतली कोशिंबीर मुलांस व वृद्धांस अधिक मानवते. दह्यानें झणका बराच खालीं येतो. ऊन पिठलें ताटांत वाढून त्यावर मूठभर पानें पसरावींत, तीं वाफेनें नुसतीं मलूल होतात व तिखट राहतें. पिठल्याबरोबर कांदा खाणारास हें लगेच पटेल. उकळत्या आमटींत मात्र घालूं नये, तेथें त्याचा पालक होतो, आणि पालकापेक्षां वाईट पालक होतो. इटलीच्या दक्षिणेस पुलिया प्रांतांत शेवयांच्या जातीच्या पदार्थांत तो शिजवून घालतात, पण ती खास चव ज्यास हवी त्यानें पाहावी.

मोठीं, जून, फुलावर आलेलीं पानें बाजारांत चालत नाहींत. तीं घरीं वायां जाऊं देऊं नयेत. मुळ्याच्या पाल्यासारखी पीठ पेरून भाजी करावी, थालिपिठाच्या पिठांत चिरून मळावीं, किंवा लसूण, भाजलेले शेंगदाणे व मीठ ह्यांबरोबर खलबत्त्यांत कुटून चटणी करावी. चटणी दोन दिवस राहते, पहिल्या दिवशीं जास्त झोंबते. फुलेंहि खातां येतात. ह्या पाल्यांत चुना, लोह, 'अ', 'क' व 'के' हीं जीवनसत्त्वें चांगलीं आहेत. ज्यांस रक्त पातळ ठेवण्याचें वारफरिन नांवाचें औषध चालू आहे त्यांनीं 'के' जीवनसत्त्वामुळें एकदम फार खाऊं नये व वैद्यास विचारावें.

येथें एक गोष्ट सुचवावीशी वाटते. असाच झणझणीत पाला देणारें झाड आपल्या प्रत्येक घरांत बियांच्या रूपानें आहे, तें अळीव. बाळंतिणीस अळिवाचे लाडू आपण देतों, आणि त्याच बिया वाफ्यांत पेरल्या तर आठ-दहा दिवसांत कोंवळी रोपें कापावयास मिळतात हें फारच थोड्यांस ठाऊक आहे. इंग्लंडांत मोहरीच्या रोपांबरोबर ह्याचीं रोपें पावांत घालून खाण्याची रीत जुनी आहे. वाण्याकडचें बीं, चार बोटें माती, एक उथळ खोकें, बस्स. ज्यांस रॉकेटचें पाकीट महाग वाटतें किंवा आपल्या घरांत तिखट पाला रुचेल कीं नाहीं अशी शंका आहे, त्यांनीं पहिला प्रयोग अळिवावर करावा. तो न रुचला तर दोन-चार रुपयांत गोष्ट संपली.

व्यवहाराचें बोलावयाचें तर आमचा सल्ला असा. पहिल्या वर्षीं दोन गुंठ्यांवर जाऊं नये, आणि तेहि एकदम पेरूं नयेत. आश्विनापासून दर आठ-दहा दिवसांनीं एकेक वाफा पेरावा, म्हणजे पाला सतत कोंवळा मिळतो. एका पेरणीचे दोन-तीन तोडे निघतात, पुढें तो उग्र होतो. डबीचा नाद न धरतां मेथीसारखी लहान जुडी बांधावी व ती आपल्या नेहमींच्या गिऱ्हाइकांस मेथी-कोथिंबिरीबरोबर द्यावी, पहिले दोन आठवडे घोळाण्याची कृति सांगून. सन २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा केला, आणि शहरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरूं लागले. ज्या मालाची चव तोंडानें सांगावी लागते त्यास ही जागा अडत्याच्या गाळ्यापेक्षां शतपटीनें बरी. हॉटेलांचें गिऱ्हाईक टाकावें असें आम्ही म्हणत नाहीं, तें पैसा चांगला देतें. परंतु निम्मा माल तरी घरगुती ताटांत जाईल अशी व्यवस्था झाल्यावांचून लागवड वाढवूं नये. संघाच्या सभासदांनीं एकत्र येऊन एक सामाईक शीतकक्ष बांधला व चार-सहा जणांच्या जुड्या एकाच थंड वेळीं एका टेंपोंतून, फळांवांचून, शहरांत नेल्या तर एकेकट्याचा जो माल वाटेंत मरतो तो मरणार नाहीं.

बियाण्याविषयीं एवढेंच राहिलें. पाकीट दरवर्षीं विकत घेण्याचें कारण नाहीं. माघाच्या सुमारास एका वाफ्यांतील झाडें कापावयाचीं थांबवून फुलावर जाऊं द्यावींत. हें झाड बहुधा स्वतःच्या परागानें फळत नाहीं, मधमाशीनें एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेला तरच शेंगा भरतात. म्हणून दोन-तीन झाडें राखून भागत नाहीं, निदान वीस-पंचवीस राखावींत. जीं सर्वांआधीं फुललीं तीं उपटून टाकावींत, नाहींतर पुढल्या वर्षीं सगळा वाफा लौकर फुलेल. शेंगा पिवळ्या पडतांच, उलण्यापूर्वीं, दांडे कापून कापडावर सावलींत वाळवावे व हलक्या हातानें झोडावे. उत्तरेकडील तेलाचा तारामिरा जवळपास पेरलेला असेल तर मात्र हें बीं घरचें राहणार नाहीं; आपल्याकडे तशी भीति क्वचितच.